बरी आहेस, बरी झालीस

ताई,

त्या दिवशी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये मी तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं, आणि सांगताना मला ते माहीत होतं. हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललेलो नाही. अभयजवळ नाही, घरी बायकोजवळ नाही. तुझ्याजवळही नाही, आणि तुला सांगायला मला भरपूर वेळ मिळाला होता.

तू गेल्यापासून लोकांचे फोन येतात. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, मी हो हो करतो आणि फोन ठेवल्यावर तसाच बसून राहतो. दुःख म्हणावं असंही ते नेमकं नाही. थकवा आहे. काहीतरी जड बरेच दिवस हातात धरून उभं राहिल्यावर येतो तसला. म्हणून आता खाली ठेवतोय.

ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं आटपून काही महिने झाले होते. तुझे केस परत आले होते, पूर्वी कधी नव्हते असे कुरळे, आणि त्यांच्यावर तुझा भारी जीव. त्या दिवशी स्कॅनचा निकाल कळणार होता. "नवऱ्याला आत नेत नाही, अभय डॉक्टरच्या आधी रडतो," असं सांगून तू मला माझ्या घरून, सँट्रीहून, बोलावून घेतलंस. आत तो कॉर्ककडचा उंच आयरिश कन्सल्टंट स्क्रीनकडे बघत शांतपणे म्हणाला की स्कॅनवर काही दिसत नाही, यू आर ग्रँड फॉर नाउ, आपण भेटत राहू. माणूस प्रामाणिक होता. त्याने 'दिसत नाही' म्हटलं आणि 'फॉर नाउ' म्हटलं. दोन्ही मी नीट ऐकलं.

बाहेर आल्यावर तू स्वतःला चहा घेतलास, मला स्कोन घेतलास, समोर बसलीस आणि म्हणालीस, "हं. आता मराठीत सांग."

"काही दिसलं नाही. चांगलं आहे."

"तेवढं मला इंग्लिशमध्ये कळलं. ग्रँड म्हणजे काय ते सांग."

ग्रँड या शब्दावर तुझा जुना सिद्धान्त होता. तुझ्या ऑफिसातल्या एका बाईच्या घराचं अर्धं छप्पर वादळात गेलं, तरी दुसऱ्या दिवशी ती ग्रँडच होती. तू म्हणायचीस, आयरिश माणसाचं ग्रँड म्हणजे आपलं 'बरं'. कसं चाललंय? बरं आहे. म्हणजे कृपा करून पुढे विचारू नका.

"तर मी बरी आहे, की बरी झाले?" तू विचारलंस. मी स्कोनला लोणी लावत होतो. तू माझ्या हातातली सुरी काढून घेतलीस. "मला ठरवायचं आहे, मध्या. पुढच्या वर्षी इराचं शाळेत ट्रान्झिशन इयर. अभ्यासाचं काही ओझं नसतं त्या वर्षी. मी रजा घेऊन तिला चार-सहा महिने नागपूरला नेऊ शकते, आईजवळ. नाहीतर हे लोक नवीन प्रोजेक्ट देताहेत, ते घेते आणि तिची शेवटची परीक्षा, लीव्हिंग सर्ट, झाल्यावर निवांत जाऊ. घाई आहे का, एवढंच मला सांग."

"घाई कसली? बरी झालीस, ताई."

"खरं बोलून राहिला ना?"

तुझं बोलणं असं नागपूरचं व्हायचं ते तुझ्या आईवर चिडल्यावर, नाहीतर माझ्याशी मनातलं बोलताना.

"हो," मी म्हटलं.

तू सुरी खाली ठेवलीस आणि माझा अर्धा स्कोन खाऊन टाकलास. इतकं साधं होतं ते.

आता मला काय माहीत होतं ते सांगतो. तुला त्यातलं बरंचसं नंतर सांगितलं, पण आधी माहीत होतं हे वगळून.

मी आयर्लंडला आलो तेव्हा हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून चिकटण्याआधी काही काळ एका लॅबमध्ये होतो, आणि तिथे माझं काम नेमक्या याच पेशींवर होतं. गाठीतल्या सगळ्या पेशी एका लायकीच्या नसतात. बहुतेक वाढतात, फुटतात, मरतात. थोड्या अशा असतात की त्यांतली एखादीसुद्धा उरली तर तिच्यापासून सगळी गाठ पुन्हा उभी राहू शकते. त्यांना कॅन्सरच्या स्टेम सेल्स म्हणतात, मराठी पुस्तकांत मूलपेशी. केमोथेरपी मारते ती प्रामुख्याने भराभर वाढणाऱ्या पेशींना. या पेशी वाढायचं थांबवून स्वस्थ बसू शकतात. औषध आत शिरलंच तर त्यांतल्या कित्येक ते बाहेर ढकलून देतात. गाठ मूठभर असताना, कधी त्याच्याही आधी, त्यांतल्या काही रक्तातून निघून हाडात, यकृतात, फुप्फुसात जाऊन बसलेल्या असू शकतात. तिथे वर्षानुवर्षं काही करत नाहीत. स्कॅनवर दिसत नाहीत, कारण दिसण्याइतक्या त्या नसतातच. मग कधीतरी उठतात. का उठतात ते अजून नीट कळलेलं नाही. त्यांच्याबद्दल वादही पुष्कळ आहेत. कोणी म्हणतं अशा पेशी ठरलेल्या असतात, कोणी म्हणतं वेळ आली की साधी पेशीसुद्धा तशी होऊ शकते. पण कँटीनमध्ये मी जे बोललो त्याला तो वाद सबब म्हणून पुढे करता येत नाही. तुझी गाठ कोणत्या जातीची होती ते मी वाचलं होतं. परत येण्याची शक्यता थोडीथोडकी नव्हती.

लॅबमध्ये आम्ही त्या पेशी द्रवात तरंगत्या ठेवायचो. बाकीच्या मरून जायच्या, या मोजक्या जगायच्या आणि एकेकीचा गोल गोळा व्हायचा. दिसायला सुंदर असायचा, हे कबूल करायला हवं. दर दोन-तीन दिवसांनी त्यांना ताजं खाद्य घालावं लागायचं, सुट्टी असो की सण. तू तेव्हा क्लोनडॉकिनला नुकती राहायला आली होतीस आणि दर रविवारी जेवायला बोलवायचीस.

"पुन्हा उशीर. कुठे होतास?"

"पेशींना खायला घालत होतो."

"काय बाप्पा, आणि स्वतः जेवला नाही ना अजून? त्या मेल्यांचं सगळं वेळच्या वेळी."

आपण हसलो होतो त्यावर. आता तो संवाद आठवला की मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं.

मग तू प्रोजेक्ट घेतलंस. इराचं ट्रान्झिशन इयर इथेच गेलं. तिने एका कुत्र्यांच्या दवाखान्यात काम केलं, शाळेच्या नाटकात पोलीस झाली, आणि नागपूरच्या आजीशी व्हिडिओवर जसं बोलायची तसंच बोलत राहिली. आजी मराठीत, ही इंग्रजीत, मध्ये तू. तू चांगलं काम केलंस, तुला बढती मिळाली, स्वयंपाकघर नवीन केलंस. ती दोन वर्षं वाईट गेली नाहीत. कधीकधी स्वतःला सांगतो की ती दोन वर्षं निर्धास्त जगलीस ती माझ्यामुळे. हे वाक्य ऐकायला बरं आहे. पण तू निर्धास्तपणा मागितला नव्हतास. तू विचारलं होतंस, घाई आहे का.

पाठ दुखायला लागली तेव्हा तू खुर्चीला दोष दिलास. नवीन खुर्ची आली. मग गादीला दिलास. मला फोनवर सहज बोललीस, बऱ्याच आठवड्यांनी, आणि मी ऐकताक्षणी ओळखलं. तेव्हा मात्र मी आडवळणं घेतली नाहीत, लगेच हॉस्पिटलला जायला लावलं. आधी कळलं असतं तरी शेवट फारसा बदलला नसता. एकदा हाडात दिसू लागल्यावर दोन महिने इकडेतिकडे झाल्याने सहसा तसं होत नाही. डॉक्टर म्हणून हे खरं आहे. भाऊ म्हणून याचा मला काडीचा उपयोग नाही, कारण मी तुझं आयुष्य कमी केलं असं मला वाटतच नाही. मी त्यातले नागपूरचे ते सहा महिने घेतले.

निकाल आला त्या दुपारी तू तुझ्या नव्या स्वयंपाकघरात उभी होतीस. बसलं तर दुखत होतं म्हणून उभी.

"तुला माहीत होतं?" तू विचारलंस.

"असं कोणालाच माहीत नसतं, ताई."

हेही पुन्हा खरंच होतं. एव्हाना मी खऱ्याच्या आड लपण्यात पटाईत झालो होतो.

तू ओट्याला टेकून उभी राहिलीस. मग म्हणालीस, "बरं, हे परत आलं कसं, ते तरी समजावून दे. लहान मुलाला सांगतात तसं नको."

मी सांगितलं. झोपलेल्या पेशी, हाडात दडून बसणं, पुन्हा जागं होणं. तू ऐकता ऐकता फ्रीजर उघडलास आणि बर्फाचा ट्रे काढून माझ्यासमोर ठेवलास. त्यात दह्याच्या पांढऱ्या वड्या होत्या. भारतात जाताना तू विरजण असं गोठवून जायचीस. क्लोनडॉकिनमधल्या निम्म्या मराठी घरांतलं दही तुझ्या विरजणाचं आहे, आमचं सँट्रीचंही.

"हेच ना?" तू म्हणालीस. "महिनाभर मेल्यासारखं पडून असतं. कोमट दूध मिळालं की सकाळपर्यंत लागतं. आणि एका घरातनं दुसऱ्या घरात जातं."

"हो. जवळजवळ हेच."

"आणि तुम्ही लोक पातेलं घासून दाखवता. बघा, दही संपलं."

"पातेलं घासायचं औषध आपल्याकडे आहे, विरजणाचं अजून नीट सापडलेलं नाही. लोक शोधताहेत. ज्या गोष्टीमुळे या पेशी झोपतात तीच धरून ठेवता आली तर..."

"कधीपर्यंत?"

"माझ्या नोकरीच्या काळात तरी."

"माझ्या नाही." तू ट्रे परत आत ठेवलास. "ऑफिसात आम्ही टेस्टिंग झाल्यावर रिपोर्टमध्ये 'बग नाही' असं कधी लिहीत नाही. 'बग सापडला नाही' असं लिहितो. नवीन पोरं चुकतात, मी त्यांना झापते." तू माझ्याकडे बघत नव्हतीस. फ्रीजरचं दार नीट लागत नव्हतं, ते दाबत होतीस.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं, असं म्हणणंही खोटं ठरेल. नव्हतं आलं. मी म्हटलं, "दे, मी लावतो दार."

तेव्हापासून एक विचार येतो. हाच फरक करून तू रोज पगार घेत होतीस. मग कँटीनमध्ये माझं 'झालीस' तू तसंच गिळलंस कसं? कदाचित तुला कळलं होतं. कदाचित तूही तेच ऐकायला माझ्याकडे आली होतीस, कन्सल्टंटला न विचारता. ही पळवाट मला इतकी आवडते की मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. मला तुझा आवाज आठवतो. खरं बोलून राहिला ना. ते खोटं मागणाऱ्या माणसाचं बोलणं नव्हतं.

का बोललो तेही विचारलंस तर सांगतो. दया आली, भीती वाटली, हे सगळं होतंच. पण अजून एक आहे, ते मला तू गेल्यावर सुचलं. या रोगाबद्दल मला जे काही येतं ते सगळं इंग्रजीत येतं. इंग्रजीत मी शक्यता सांगू शकतो, 'दिसत नाही' आणि 'नाही' यातला फरक सांगू शकतो, कोणाचा हात न धरता सांगू शकतो. मराठीत मी फक्त तुझा धाकटा मावसभाऊ आहे. तिथे माझ्याकडे दोनच क्रियापदं होती, आहेस आणि झालीस. तू 'मराठीत सांग' म्हणालीस आणि माझ्यातला डॉक्टर उठून गेला. मागे जो उरला त्याला तू हसावंस एवढंच हवं होतं. ही सबब नाही. तसं झालं, म्हणून लिहिलं.

शेवटच्या आठवड्यांत एका दुपारी, तू जरा जागी होतीस, खिडकीबाहेर एक माणूस पार्किंगमध्ये तिसऱ्यांदा गाडी मागे घेत होता आणि तू त्याला आतून सूचना देत होतीस. मध्येच म्हणालीस, "मी नागपूरला गेले असते ना, तर काय झालं असतं सांगू? आठ दिवसांत आईशी भांडले असते. इरा वायफायसाठी रडली असती. दोन आठवड्यांत परत आलो असतो."

"असं काही नाही."

"असंच आहे. वाद घालू नको."

मी वाद घातला. मी म्हटलं की इरा मराठी बोलायला शिकली असती, मावशीला नात मिळाली असती. मी मूर्खासारखा तुझ्याविरुद्ध तुझीच बाजू मांडत होतो. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "काहून इतका जीव खातोस, मध्या. झालं ना." तो वाद तिथेच राहिला. तू मला सोडवत होतीस का, हे मला विचारता आलं नाही, आणि विचारायचं तर आधी कशातून ते सांगावं लागलं असतं.

त्याबद्दल तुझे आभार मानावेत असं वाटतं. सोडवत असलीस तर. नसलीस तरी त्या पार्किंगवाल्याबद्दल.

आता तेराव्याचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

घर भरलं होतं. क्लोनडॉकिनची सगळी मंडळी डबे घेऊन आली होती. एक काकू, मुलाकडे राहायला आलेल्या, चांगल्या आहेत बिचाऱ्या, सोफ्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "केवढी धीराची हो. मनात सगळं माहीत होतं, पण पोरीला कळू दिलं नाही. बरी झाले, बरी झाले म्हणत राहिली. आई असावी तर अशी." बायकांनी माना हलवल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. आपल्याकडे हे कौतुकच असतं. आणि इरा इंग्रजीत बोलते म्हणून तिला मराठी कळत नाही असं सगळे धरून चालतात. ती तिथेच होती, कप गोळा करत.

मी स्वयंपाकघरात गेलो तर ती प्रेससमोर उभी होती. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही. दार उघडं, कप हातात, आत काही ठेवत नव्हती.

"शी न्यू, मामा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, काकूंचं मनावर घेऊ नकोस.

ती इंग्रजीतच म्हणाली की मी ते विचारलं नाही. त्या स्कॅनच्या दिवशी आईने मला गाडीत सांगितलं होतं, इट्स गॉन, मी बरी झाले. मी विचारलं होतं, परत येणार नाही ना? ती म्हणाली होती, नाही येणार. मी त्यावर विश्वास ठेवून दोन वर्षं माझ्या खोलीचं दार लावून बसले, काका-मावश्यांकडे जायचं टाळलं, तिच्याशी फालतू गोष्टींवरून भांडले. मला माहीत असतं तर मी तशी वागले नसते. तिने मला माहीत असू दिलं नाही. "शी लाइड टू मी. आणि सगळे म्हणताहेत, हाउ लव्हली."

मधलं 'आणि सगळे म्हणताहेत' तिने मराठीत म्हटलं, ताई. मला वाटतं, ते मराठी शब्द तिने फक्त त्या लोकांसाठी राखून ठेवले होते.

मी तिला सांगितलं की तुझी आई आशावादी होती. हे वाक्य मी माझ्या भाचीला तुझ्या स्वयंपाकघरात सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, थेट तू पाहायचीस तसं, कप आत ठेवले आणि माणसांत निघून गेली.

तेव्हापासून ती तुझ्याबद्दल बोलत नाही. अभय सांगतो, तुझा फोटो हॉलमध्ये लावलाय म्हणून ती जेवायला हॉलमध्ये येत नाही. त्याला वाटतं दुःखाने. तो तिला वेळ देतोय. लीव्हिंग सर्ट तोंडावर आहे म्हणून कोणी तिला काही विचारत नाही. मला कारण माहीत आहे आणि मी त्याला सांगितलेलं नाही.

हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, लिहिलं की निम्मं काम होईल. मग लक्षात आलं की मी देवनागरीत लिहितोय आणि इराला देवनागरी वाचता येत नाही. मी मुद्दाम तसं केलं का, माहीत नाही. मी स्वतःला ओळखतो, केलंही असेल. तुझ्याशी बोलणं सोपं आहे, तू आता मला काही विचारत नाहीस.

तिला सांगितलं तर ती मला मामा म्हणायचं सोडेल, अभय घरात घेणार नाही, कदाचित हे मावशीपर्यंतही जाईल. यातलं काहीही झालं तरी ते बरोबरच असेल. मी यावर रोज सकाळी सँट्रीहून कामावर जाताना विचार करतो, आणि रोज काहीतरी कारण सापडतं. परीक्षा. पाऊस. अभयची तब्येत.

तुझी मुलगी तुला खोटारडी समजते आहे. तू तिला तेच सांगितलंस जे तुला सांगितलं गेलं होतं, आणि ते मी सांगितलं होतं. हे जगात फक्त मला माहीत आहे. हे तिला तोंडावर सांगण्याचं देणं मी लागतो, आणि मी ते अजून फेडलेलं नाही.

मध्या